कुलवृत्तांतात न लिहिलेला श्वास

जो न बोलावता आत येतो आणि निरोप न घेता बाहेर जातो, ज्याच्या येण्याजाण्यालाच आपण आयुष्य असे नाव दिले आहे, त्या प्राणरूप परमेश्वराला प्रथम वंदन. कृष्णामाईला वंदन, तिच्या घाटावर बसलेल्या गजाननाला वंदन. ओठ कधी मिटावेत आणि श्वास कोठे घ्यावा हे ज्यांनी मला शिकविले, त्या गुरुचरणांवर मस्तक. आश्विन लागला आहे. वाईच्या घाटावर पाणी निवळले आहे आणि माझ्या मेजावर आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी आलेला एक कोरा तक्ता गेले आठ दिवस पडून आहे. आमच्या शाखेची माहिती भरून पाठविण्याचे काम वयोज्येष्ठ म्हणून माझ्याकडे आले. नावे, जन्मतिथी, शिक्षण, व्यवसाय हे सारे भरून झाले. शेवटचा रकाना तेवढा रिकामा आहे. त्याच्यावर छापले आहे, ‘विशेष’. या एका शब्दापाशी लेखणी थांबली, आणि चार वर्षांपूर्वीचा शरद उठून समोर येऊन बसला.

शरद हा आमच्या गावाचा ऋतू आहे. पावसाळाभर तांबूस, रागावलेली कृष्णा या दिवसांत शांत होते. पायऱ्यांवरचे शेवाळ वाळून त्याची पापुद्र्यासारखी साल निघते. हळदीची पाने कमरेएवढी झालेली असतात आणि बांधावरून जाताना त्यांचा ओला, औषधी वास अंगावर येतो. पाचगणीच्या अंगाने पहाटे धुके उतरते, अंगावर शाल घ्यावीशी वाटते. दुपारी तेच ऊन मानेला टोचते. या गार आणि उष्ण यांच्या मधल्या दिवसांत शिंका येऊ लागतात. घाटामागच्या मंदिराच्या सभामंडपात मी शाळेच्या वेळेआधी मुलांना पाठ देतो. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, पहिल्या ओळीतल्या मुलाला सोमवारी शिंक आली, की शुक्रवारपर्यंत ती शेवटच्या ओळीत पोहोचलेली असते. मधल्या एकाही मुलाला ती वगळत नाही. माझ्या शिकविण्यालाही एवढे सातत्य नाही.

माझ्या मंडपात दोन नियम होते. पहिला, चरण एका श्वासात म्हणायचा. दुसरा, अनध्यायाचे दिवस सोडले तर गैरहजेरी नाही. अनध्याय म्हणजे पाठ बंद ठेवण्याचे परंपरेने ठरवून दिलेले दिवस. प्रतिपदेला, अष्टमीला, मेघ गडगडत असताना आम्ही पोथी उघडत नाही. बाकी सर्व दिवस पोथीचे. एखादी आई सांगायला आली, “गुरुजी, त्याला सर्दी झालीय, आज राहू दे का?” तर मी हसून म्हणे, “नाक वाहत असेल, कान तर वाहत नाहीत ना? पाठवा.” मुले हसत, आई हसे, मूल येऊन बसे. हा विनोद मी किती वर्षे केला, त्याचा हिशेब परमेश्वरच जाणे.

त्या वर्षी माझी नात ऋचा पाच वर्षांची होती. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा श्रीधर, शिरवळच्या कारखान्यात कामाला आहेत. पाळीप्रमाणे कंपनीच्या बसने जाणे-येणे. तिची आई वैशाली इस्लामपूरची. तिचे वडील साखर कारखान्यात होते. सूनबाई शाळेत विज्ञान शिकवितात, बोलणे शुद्ध, हिशेबी; पण राग आला की माहेरची भाषा आपोआप ओठांवर येते. ऋचा पहिल्या ओळीत, माझ्या उजव्या हाताला बसत असे. तिचा आवाज लहान पण स्वच्छ. तिने पहिला चरण एका दमात पूर्ण केला त्या दिवशी मी सर्वांसमोर म्हणालो होतो, “हा आमच्या घराचा श्वास.” माझ्या तोंडून निघालेल्या आणि मला परत घ्याव्याशा वाटणाऱ्या वाक्यांत हे वाक्य फार वर आहे.

कारण त्या वर्षी आषाढापासून तिच्या प्रत्येक सर्दीचा एकच क्रम होऊ लागला. दोन दिवस नाक, तिसऱ्या दिवशी खोकला, चौथ्या दिवशी छातीतून बारीक शिट्टी. इतर मुलांची सर्दी नाकातून आली तशी नाकातूनच जाई. हिची आत उतरे. ओव्याची पुरचुंडी झाली, वाफ झाली, तुळशीचा काढा झाला. भाद्रपदात तिसऱ्यांदा छाती वाजली तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, आता साताऱ्याला दाखवायचंच,” आणि आम्ही तिघे निघालो.

साताऱ्याच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर नदाफ या मूळच्या वाईच्याच. त्यांचे आजोबा कापूस पिंजून गाद्या भरत. माझ्या लहानपणी दर दिवाळीआधी आमच्या अंगणात त्यांच्या धनुकलीची तार वाजे. नात डॉक्टर झाली याचा सगळ्या आळीला अभिमान. त्यांनी ऋचाची पाठ तपासली, मग लेखणी हातात घेऊन विचारले, “घरात कोणाला दमा? लहानपणी तरी? आईकडं, वडिलांकडं?”

सूनबाई म्हणाल्या, “माझ्याकडे कोणाला नाही,” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी काठी दोन्ही हातांनी धरून ताठ बसलो होतो. सोयरिकीच्या बैठकीत समोरच्या पक्षाने कुळाची चौकशी करावी आणि यजमानाने द्यावे, तसे उत्तर मी दिले. “आमच्या कुळात श्वासाचं दुखणं नाही. चौदा पिढ्या मंत्र म्हणणारं घर आहे.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले. “चौदा पिढ्यांत एकालाही नाही? मग भाग्यवान घर म्हणायचं.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि सूनबाईंना सांगितले, “घरात तसं काही नसेल तर रोजचं औषध लगेच सुरू नको. सध्या सर्दीपुरतं देते. पण पुन्हा वाजली तर वाट पाहत बसू नका.”

मी खोटे बोललो होतो. मात्र तेव्हा मला ते खोटे वाटले नव्हते, आणि याचेच मला आज अधिक आश्चर्य वाटते. ते वाक्य माझ्या वडिलांचे होते. माझी धाकटी बहीण कुमुद लहानपणापासून शरद आला की रात्ररात्र उशीला टेकून बसे. आमच्या घरात ‘दमा’ हा शब्द उच्चारायचा नाही, असा दंडक होता, ‘कफप्रकृती’ म्हणायचे. तिची सोयरीक पाहण्याची वेळ आली तेव्हा वडिलांनी दाखविण्याचा कार्यक्रम वैशाखात ठेवला, कारण वैशाखात तिची छाती कोरडी, शांत असे. पाहुण्यांना सांगितले, “आंब्याच्या दिवसांत या, रस करू.” रस झाला, कुमुदने स्तोत्र म्हटले, सांगलीच्या मुकुंदरावांचे घर मिळाले. त्या दिवशी वडिलांनी मला देवघरात नेऊन निरांजनावर हात ठेवायला लावला आणि ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही, असे वचन घेतले.

आणि श्रीधर? आठ वर्षांचा होईपर्यंत त्याचीही छाती दर शरदात वाजत होती. वडील तेव्हा हयात होते. ते म्हणाले, कफ आहे. आम्ही सगळे म्हणालो, कफ आहे. पुढे ते आपोआप मागे पडले आणि श्रीधरला आम्ही ते सांगितलेच नाही. आपल्याला लहानपणी फार सर्दी होई, इतकेच त्याला ठाऊक. आमच्या कुलवृत्तांतात गोत्र आहे, प्रवर आहे, कोणी कोठे यज्ञ केला आणि कोणाला कोणत्या संस्थानातून शाल मिळाली, हेही आहे. कोणाची छाती वाजत होती, हे कोठेच नाही. जे ग्रंथात नाही ते कुळात नाही, असे मानण्याइतका मी ग्रंथांचा माणूस होतो.

साताऱ्याहून परत आलो त्या संध्याकाळी वाटाण्याच्या शेंगा सोलताना आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “आमच्याकडे नाही तर मग कुठून आलं हे? इस्लामपूरला त्या साखर कारखान्याच्या धुराड्याची काळी राख आयुष्यभर पोटात गेलेली. पोरीच्या अंगात उतरणारच.” त्यांच्या मनात कपट नव्हते. सासऱ्यांनी कफ म्हटले ते त्यांनी शब्दशः कफच मानले होते.

सूनबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “आवं आई, राख वाळत घातलेल्या लुगड्यांवर पडायची, छातीत न्हाई. आमच्या घरात धा माणसं हायती, एकाची बी छाती वाजत न्हाई. आन् पोरगी जन्मली वाईत. राख काय बस धरून आली व्हय हितं?”

“मी आपलं सहज म्हटलं हो.”

“सहजच लागतंय लय.”

मी ओसरीवर पंचांग उघडून बसलो होतो. दोघींचेही बोलणे मला स्पष्ट ऐकू येत होते. एका वाक्यात मी तो वाद मिटवू शकलो असतो. मी पान उलटले. पुढचे पाच आठवडे त्या घरात माझी सून तिच्या माहेरचा कलंक वाहत वावरली आणि मी रोज दोन वेळा संध्या केली, भोजन केले, मुलांना सत्यावर पाठ दिला.

मग आश्विनातली ती सकाळ. मंडपात सर्दीची साथ फिरत होती. ऋचालाही तीन दिवसांपासून सर्दी होती. पण सूनबाई स्वयंपाकघरात डब्यांच्या गडबडीत होत्या, ऋचा आपणहून दप्तर घेऊन माझ्या मागे निघाली आणि मी नेहमीचा विनोद करून तिला येऊ दिले. त्या दिवशी तिच्या स्तोत्राचा तिसरा श्लोक होता. तिने म्हणायला सुरुवात केली. आवाज नेहमीपेक्षा बारीक. चरणाच्या शेवटाला ती ओठ घट्ट मिटे आणि माझ्याकडे पाहून हसे. मी म्हणालो, “शाबास, पुढे.” तिने पुढचा चरण घेतला. तिचे खांदे वर-खाली होत होते. मला वाटले, तालावर डोलते आहे.

सूनबाई तिचा विसरलेला डबा द्यायला मंडपाच्या पायरीवर आल्या आणि तेथूनच ओरडल्या, “मामंजी, तिच्या गळ्याची खळी बघा! आत चाललीया! दिसत न्हाई का तुमास्नी?”

तेव्हा मला दिसले. प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या गळ्याखालचा खळगा बोट मावेल इतका आत ओढला जात होता.

शेजारच्यांनी गाडी काढली. आम्ही साताऱ्याच्या वाटेला लागलो. ऋचा आईच्या मांडीवर पुढे वाकून बसली होती, बोलायला तिला शब्दाशब्दाला थांबावे लागत होते, आणि तरीही ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आजोबा... मी शिट्टी... आतच ठेवली.”

“कसली शिट्टी, बाळा?”

“छातीतली. आपल्या घरात... ती नसते ना? तुम्ही... डॉक्टरांना सांगितलं.”

पंचाहत्तर वर्षांत मी अनेक विद्वानांच्या सभांत बसलो. कोणाही पंडिताने माझ्या मताचे असे खंडन केलेले नाही.

दवाखान्यात तिच्या तोंडावर मुखवटा बसविला, त्यातून औषधाची धुक्यासारखी वाफ येऊ लागली. डॉक्टर नदाफ तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. निरांजनावरचा हात मला आठवला. देवासमोर दिलेले वचन मोडताना मी मनात देवालाच साक्ष ठेवले, आणि बोललो. “डॉक्टर, मी खोटं सांगितलं होतं. हिच्या वडिलांची छाती आठ वर्षांपर्यंत अशीच वाजत होती. माझ्या बहिणीला आजही दमा आहे. माझ्या आजोबांनाही असावा. हे हिच्या आईकडून आलेलं नाही. आमच्याकडून आलंय.”

डॉक्टरांनी जुना कागद काढला, त्यावरची ओळ खोडली, नवी लिहिली. रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, “आजोबा, हे मला मागच्या वेळी हवं होतं.”

मी सूनबाईंकडे वळून हात जोडले. त्यांनी ते हात धरून ऋचाच्या पाठीवर ठेवले. “माफीचं घरी बघू, मामंजी. आत्ता हिला तुमचा हात पायजे.” माझ्या तळव्याखाली ती लहान पाठ धपापत होती. तासाभरात ती संथ होत गेली. चरण संपल्यावर मंडपात पसरणाऱ्या शांततेत मी आयुष्य काढले. पण दवाखान्यातल्या त्या शांततेइतकी पवित्र शांतता मी ऐकलेली नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावून सांगितले. श्रीधरही आला होता. त्याला आपल्या बालपणाची ती गोष्ट आदल्या संध्याकाळी माझ्याकडून कळली होती. तो रागावला नाही. मी विचारले, “डॉक्टर, मग हे आमच्या रक्ताचंच फळ म्हणायचं ना?”

“एकट्या रक्ताचं नाही, आजोबा. वारशानं दमा जसाच्या तसा येत नाही, श्वासनळ्यांचा हळवेपणा येतो. तोही एका जनुकातून नाही. अनेक जनुकं, प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा. काही मुलांत सर्दीच्या विषाणूला आत शिरायला वाट सोपी मिळते. काहींत त्याला बाहेर काढताना नळ्या गरजेपेक्षा जास्त सुजतात. तुमच्या मंडपात पंधरा मुलांना एकच सर्दी झाली, खरं ना? चौदा जणांचं नाक वाहिलं. हिची छाती वाजली. विषाणू तोच, घर वेगळं.”

“म्हणजे वारसा नसता तर नुसत्या सर्दीनं झालं नसतं, आणि सर्दी नसती तर—”

“तर कदाचित वारसा झोपूनही राहिला असता. लहान वयात सर्दीनं पुन्हा पुन्हा छाती वाजली, आणि घरात आधीच दमा असला, तर पुढं दमा होण्याची शक्यता वाढते. पण सर्दीमुळं नळ्या बिघडतात, की बिघडायला निघालेल्या नळ्यांना सर्दी आधी गाठते, हे अजून आम्हालाही पूर्ण उलगडलेलं नाही.” मग त्या हसल्या. “आमच्या घरी सगळे खोकायचे. आजोबा म्हणायचे, कापसाची धूळ आहे, धंदाच तसा. आम्ही कधी लपवलं नाही. तुमच्या आळीत मात्र मी विचारलं की सगळ्यांची कुळं ठणठणीत!”

सूनबाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या महिन्यात त्या प्रथमच हसल्या होत्या.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतींना सर्व सांगितले. त्या उठल्या, देवासमोरची हळदकुंकवाची कुयरी घेऊन सुनेपुढे गेल्या आणि म्हणाल्या, “राख माझ्या जिभेवर होती गं.” सूनबाईंनी वाकून नमस्कार केला.

दिवाळीनंतर मी सांगलीला गेलो. वचन मोडल्याचे कुमुदला माझ्या तोंडून कळायला हवे होते. ती तुळशीपाशी वाती वळत बसली होती. मी सारे सांगितले आणि मान खाली घातली. तिने वातींचा पितळी डबा माझ्यापुढे सरकविला. “उघड.” कापसाच्या पेळूखाली दम्याच्या औषधाचा निळा पंप होता.

“दादा, मला वाटलं होतं, हे तू माझ्या तेराव्याला सांगशील.”

“मुकुंदरावांना कधी कळलं नाही ना?”

ती इतकी हसली की तिला खोकला आला. “अरे, पहिल्याच दिवाळीला कळलं! पहाटे माझी छाती वाजायला लागली तर अंथरुणातून म्हणाले, कुकर लावलायस का गं? मग तेच मिरजेला डॉक्टरांकडे घेऊन गेले. सासूबाईंनाही ठाऊक होतं. बिचाऱ्या म्हणायच्या, तुझ्या माहेरी सांगू नको हं, त्यांना वाईट वाटेल की आपल्याला कळलं.”

पन्नास वर्षे आम्ही ज्यांच्यापासून एक गोष्ट लपविली, ते पन्नास वर्षे आमच्यापासून तेच लपवीत होते. मधल्या काळात आमच्या घरात एक मूल वाढले, ज्याला आपल्या छातीत काय होते ते सांगितले गेले नाही, आणि त्याचे मूल ओठ मिटून हसायला शिकले. परतीच्या एसटीत इस्लामपूरच्या पुढे धुराड्यांतून धूर निघत होता, गळीत हंगाम सुरू झाला होता. काळी राख वाऱ्यावर तरंगत खिडकीतून आत आली आणि माझ्या धोतरावर बसली. मी ती झटकली नाही.

सूनबाई त्या हिवाळ्यात माझ्या गुरू झाल्या. “पंप आधी हलवायचा, मामंजी. मग नळीला लावायचा. नाही, नाही, उलटा धरलाय.” औषध सावकाश आत जावे म्हणून मध्ये एक फुगीर नळी असते. ती ऋचाच्या तोंडाला लावून मी श्वास मोजीत असे. नंतर तिने चूळ भरायची. रोज सकाळ-संध्याकाळ, तिला काही होत नसले तरी. “बरं वाटतंय म्हणून सोडायचं नाही,” असा डॉक्टरांचा दंडक. सर्दी सुरू होताच काय करायचे आणि केव्हा थेट साताऱ्याला निघायचे, हे एका कागदावर लिहून तो देवघराच्या दाराला चिकटविलेला आहे. नित्यनेम मला नवा नव्हता. मी तो माझ्या नित्यकर्मात गोवला, आणि माझा असा विश्वास आहे की तो माझ्या संध्येहून न्यून नाही.

मंडपातही दोन गोष्टी बदलल्या. मी सर्व पालकांना बोलावून सांगितले, “मेघ गडगडले तर आपण पोथी मिटतो. आजपासून छाती आणि नाक गडगडले तरी अनध्याय. सर्दी झालेल्या मुलाने घरी बसून पाठ म्हणावा, दोष लागणार नाही. लागला तर तो माझा.” एक वृद्ध स्नेही मला म्हणाले, “शास्त्रात असा अनध्याय कुठे आहे?” मी म्हणालो, “मुखातून मुखाकडे मंत्र जातो, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले. त्याच वाटेने आणखी काय जाते हे आता कळले आहे. वाट पवित्र राखणे हे शास्त्रच आहे.” दुसरे असे की, एका श्वासाचा नियम मी मागे घेतला. प्रत्येक मुलाने आपल्या वहीत, अर्थ तुटणार नाही अशा स्थळी, आपल्या श्वासाची जागा पेन्सिलीने टिंब देऊन ठरवायची. माझ्या लक्षात आले, की आता पाठ अधिक चांगले होतात. पूर्वी चरणाच्या शेवटी मुले धावत सुटत. आता ती शब्दांपाशी थांबतात.

आज ऋचा नऊ वर्षांची आहे. हा आश्विन आला, शाळेत साथ आली, तिलाही सर्दी झाली. परवा सकाळी तिने स्वतःच मंडपाच्या दाराशी उभे राहून, रुमाल तोंडावर धरून सांगितले, “गुरुजी, मला अनध्याय आहे.” मंडपात मी तिचा गुरुजी, घरी आजोबा. मग ती आत न येता पायरीवरूनच पहिल्या ओळीतल्या एका नव्या मुलीकडे बोट करून म्हणाली, “आणि हिलाही द्या. ती ओठ मिटून हसतेय.” मी जवळ जाऊन त्या मुलीच्या गळ्याकडे पाहिले. खळी हलकेच आत जात होती. तिच्या आईला निरोप गेला, आणि दुपारपर्यंत ती मुलगी औषध घेऊन शांत झोपली होती. माझ्या हातून शास्त्री झाले, प्राध्यापक झाले. पण ‘माझी शिष्या’ हे शब्द इतक्या भरल्या मनाने मी क्वचितच उच्चारले असतील.

काल सायंकाळी हा तक्ता घेऊन पुन्हा बसलो. ऋचा शेजारी येऊन वाकून वाचू लागली. “‘विशेष’मध्ये काय लिहिणार?”

“तुझं लिहू का?”

“लिहा की.”

“पुढे शेकडो लोक वाचतील. लाज नाही वाटणार?”

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही विचित्र बोललो. “कशाची? तुम्हाला चष्म्याची वाटते का?”

मी लिहिले. कुमुदचे नाव, तिच्या संमतीने; श्रीधरचे, त्याच्या; ऋचाचे, तिच्या आग्रहाने. खाली एक वाक्य: ‘या शाखेत श्वासाचा हळवेपणा आहे, शरदात मुलांना सर्दी झाल्यास जपावे, लपवू नये, आणि वैद्यांनी विचारल्यास खरे सांगावे.’ वाक्य चांगले उतरले असे मला वाटले. सूनबाईंना वाचायला दिले.

त्यांनी दोनदा वाचले. “छान आहे, मामंजी. पण ‘हळवेपणा’ का? दमा लिहा ना. सरळ.”

मी लेखणी उचलली. जो शब्द माझ्या वडिलांच्या घरात कोणी उच्चारला नाही, जो मी डॉक्टरांपुढे गिळला, जो एका मुलीने आपल्या छातीत कोंडून ठेवला, तो माझ्या वळणदार अक्षरात प्रथमच आमच्या कुळाच्या ग्रंथासाठी लिहिला. ‘हळवेपणा’ खोडला, वर ‘दमा’ लिहिले. चौदा पिढ्यांचे नाव त्यामुळे खाली आले असे मला वाटले नाही. उलट, त्या तक्त्यातले सर्वांत शुद्ध अक्षर तेच आहे असे वाटून ऊर भरून आला. ऋचाने पेन्सिल घेतली आणि त्या वाक्यात दोन ठिकाणी बारीक टिंबे दिली. “म्हणजे वाचणारा इथे श्वास घेईल,” ती म्हणाली. ती टिंबे मी खोडलेली नाहीत. तक्ता आज टपालाने जाईल.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, तो प्राणरूप परमेश्वर आपल्या घरातल्या लहानथोर प्रत्येकाच्या छातीत सहज येवो, सहज जावो. आपल्या मुलांच्या सर्दीला विश्रांती मिळो, त्यांच्या खोकल्याला वेळीच वैद्य मिळो, आणि वैद्याने विचारलेल्या प्रश्नाला आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या मुखी खरे उत्तर येवो. आपल्या लेकीसुनांवर न केलेल्या दोषाचे ओझे कधी न पडो. हा शरद आपणा सर्वांना निर्मळ जावो.